बुरशीचा कारखाना

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली आगगाडी खडकी व दापोडी ही स्थानके मागे टाकून कासारवाडीस येते. तेथून पुढे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी स्थानके एकामागून एक लागतात. लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस आज कारखान्यांची आणि घरांची एवढी दाटी झाली आहे, की एक गाव कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले हे परक्या माणसास उमगत नाही. १९५० च्या सुमारास मात्र हा सारा मुलूख शेताभातांचा व माळरानाचा होता. याच मुलखात, कासारवाडीहून पिंपरीकडे जाताना मुंबई-पुणे रस्त्यालगत, एक निराळ्याच जातीचा कारखाना उभा राहिला. त्यात लोखंड ओतावयाचे नव्हते की कापड विणावयाचे नव्हते. तेथे बुरशी वाढवावयाची होती!

शिळ्या भाकरीवर, ओल्या चामड्यावर किंवा नीट न मुरलेल्या लोणच्यावर जी हिरवट-करडी बुरशी चढते, तिचा कोणासही तिटकाराच येतो. ती पुसून टाकण्यासाठी माणसे झटतात. तिच्यासाठी कोणी कारखाना बांधील, हे ऐकून खेड्यातील वृद्धांस हसूच आले असते. परंतु या कारखान्यातील बुरशी सामान्य नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता तिच्या तंतूंची टोके चित्रकाराच्या कुंचल्यासारखी दिसतात. लॅटिन भाषेत कुंचल्यास जो शब्द आहे, त्यावरून तिला पेनिसिलियम हे नाव मिळाले; आणि तिच्यापासून निघणाऱ्या औषधास पेनिसिलीन.

या बुरशीचा गुण प्रथम ध्यानात आला तो १९२८ साली, लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात. अलेक्झांडर फ्लेमिंग हे तेथे जंतूंचा अभ्यास करीत असत. सुट्टीवरून परतल्यावर त्यांनी जुन्या काचपात्रांकडे पाहिले, तो एका पात्रावर बुरशी पडलेली होती, आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेले होते. बुरशीतून जंतुनाशक रस पाझरतो, हे फ्लेमिंग यांनी ओळखले व १९२९ साली प्रसिद्धही केले. पण तो रस फार नाजूक. शुद्ध करू जावे, तो त्याची शक्ती नाहीशी व्हावी! फ्लेमिंग जंतुशास्त्रज्ञ होते. असा चंचल पदार्थ हाताळण्याचे काम रसायनज्ञाचे होते. त्यामुळे दहा वर्षे हा शोध जवळजवळ पडून राहिला.

त्याला पुन्हा हात घातला तो ऑक्सफर्ड विद्यापीठाने. तेथील विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांनी आपल्याभोवती निरनिराळ्या विद्यांची माणसे जमविली होती. अर्न्स्ट चेन हे जर्मनीतून परागंदा होऊन आलेले जीवरसायनज्ञ होते. नॉर्मन हीटली हेही जीवरसायनज्ञच. पण त्यांचा खरा लौकिक हातांचा. मोडक्यातोडक्या वस्तूंतून हवे ते उपकरण जुळविण्यात त्यांचा हातखंडा असे. पेनिसिलीन मिळविण्याची पहिली यशस्वी युक्ती हीटली यांचीच होय. बुरशीखालचे पाणी थंड करून आंबट केले, म्हणजे पेनिसिलीन त्यातून निघून ईथरसारख्या द्रवात जाते. आणि त्या द्रवाशी किंचित क्षारयुक्त पाणी घुसळले, की ते पुन्हा पाण्यात उतरते. या जाण्यायेण्यात घाण मागे राहते. मग ते पाणी गोठवून वाळविले की पिवळसर भुकटी हाती येते.

२५ मे १९४० या दिवशी आठ उंदरांस मारक जंतू टोचण्यात आले. त्यांपैकी चौघांस पेनिसिलीन दिले, चौघांस दिले नाही. हीटली रात्री उशिरापर्यंत पहाऱ्यास बसले. औषध न मिळालेले चारही उंदीर पहाटेपर्यंत मेले होते. औषध मिळालेले जिवंत होते.

उंदीर वाचले, माणसाचे काय? माणसाचे वजन उंदराच्या हजारोपट. त्याच्यासाठी औषध हजारोपट हवे. आणि बुरशी तर एक लिटर पाण्यात जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम पेनिसिलीन देई. युद्धाचे दिवस, यंत्रे मिळेनात. तेव्हा बिस्किटांचे डबे, दुधाच्या बरण्या, एवढेच काय, रुग्णालयातील शौचपात्रेदेखील बुरशी पिकविण्यास वापरली गेली. पुढे हीटली यांनी चपटी मातीची भांडी मुद्दाम घडवून घेतली. विद्यापीठाची प्रयोगशाळा गवळ्याच्या गोठ्यासारखी दिसू लागली.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा एक पोलीस शिपाई अंथरुणास खिळला होता. जंतूंनी त्याचा चेहरा व डोळा ग्रासला होता. जगण्याची आशा सुटली होती. १२ फेब्रुवारीस त्यास पेनिसिलीन टोचले. ताप उतरला, भूक लागू लागली, जखमा भरत चालल्या. पण औषध संपत आले! त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलीन वेगळे काढून पुन्हा त्यालाच टोचण्यापर्यंत मजल गेली. अखेर तेही संपले. रोगाने पुन्हा उचल खाल्ली आणि १५ मार्च रोजी तो शिपाई मरण पावला. औषध खरे ठरले होते. ते पुरले नाही एवढेच. यानंतरचा प्रश्न जंतुशास्त्राचा राहिला नाही. तो अभियंत्यांचा झाला.

त्याच वर्षी फ्लोरी व हीटली अमेरिकेस गेले. पिओरिया येथील शेतकी प्रयोगशाळेत असे दिसून आले, की मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे टाकाऊ पाणी घातले असता बुरशी कितीतरी पटींनी अधिक पेनिसिलीन देते. अधिक चांगल्या बुरशीचा शोध सुरू झाला, तो ती बाजारातील एका कुजक्या खरबुजावर सापडली. मग निरनिराळ्या संशोधनसंस्थांत व विद्यापीठांत तिच्यावर क्षकिरणांचा व अतिनील किरणांचा मारा करून, तिच्या संततीतून सर्वांत दुभती अशी वेचून काढण्यात आली. गाईम्हशींची पैदास सुधारतात तसाच हा प्रकार, फक्त येथे पिढी काही दिवसांत पालटते. या निवडीचे फळ असे, की आजची बुरशी लिटरमागे चाळीस ग्रॅमांहून अधिक पेनिसिलीन देऊ शकते. इकडे पेनिसिलीनच्या रेणूची घडण कशी आहे हे कोडे डोरोथी हॉजकिन यांनी ऑक्सफर्डमध्येच, स्फटिकांतून क्षकिरण पाठवून, १९४५ साली सोडविले. हे काम पदार्थविज्ञानाच्या साधनांनी झाले, हे ध्यानात घ्यावे.

आता अभियंत्यांच्या कामाकडे वळू. बुरशी पृष्ठभागावर वाढते, म्हणून ती उथळ भांड्यांत पिकवावी लागे. लाखो रोग्यांस पुरेल एवढे औषध हवे तर भांडी मांडण्यास गावेच्या गावे लागली असती. तिला खोल पाण्यात वाढविता आले तर? खोल पाण्यात ती गुदमरते. साध्या हवेच्या संपर्कात असलेल्या एक लिटर पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. वाढणारी बुरशी तो पाहता पाहता संपविते. म्हणून उंच पोलादी टाकी घ्यावयाची, तळाशी सारखी हवा सोडावयाची आणि आत मोठा रवी फिरता ठेवून हवेचे बुडबुडे बारीक फोडावयाचे. घुसळल्याने फेस येतो. तो उतू जाऊ नये म्हणून तेल सोडावयाचे. बुरशीच्या वाढीने टाकी तापते. तिला गार ठेवण्यास थंड पाण्याच्या नळ्यांची वेटोळी बसवावयाची, कारण या बुरशीस सुमारे पंचवीस अंश उष्णता मानवते.

एवढे करूनही मोठे भय उरतेच. काही जंतू पेनिसिलीनचा नाश करणारे द्रव्य निर्माण करतात. असे थोडे जंतू आत शिरले तरी हजारो लिटरांची टाकी पाण्यात जाते. म्हणून टाकी, नळ व झडपा प्रथम दाबाखालील वाफेने सुमारे एकशे वीस अंशांपर्यंत तापवितात. घरच्या प्रेशर कुकरमध्ये साधारण तेवढीच उष्णता असते. आत जाणारी हवादेखील दाबून बसविलेल्या तंतूंच्या थरांतून गाळून घ्यावी लागते. रव्याचा दांडा टाकीत जेथून शिरतो त्या सांध्यातून जंतूस वाट मिळू नये, यासाठी यंत्रज्ञांनी किती डोके झिजविले असेल! पिठले ढवळणारी सुगरण आणि आगगाडीचे इंजिन बांधणारा कारागीर यांनी मिळून एक भांडे घडवावे, तशी ही टाकी. अमेरिकेत १९४४ च्या मार्चमध्ये अशा टाक्यांचा मोठा कारखाना सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले तेव्हा जखमी सैनिकांसाठी पेनिसिलीनचा साठा तयार होता.

भारत स्वतंत्र झाला त्या वेळी हे औषध परदेशांतून आणावे लागे. बाळंतपणातील ज्वर, न्युमोनिया, चिघळलेल्या जखमा यांनी माणसे दगावत होती. औषध ठाऊक होते, पण गरिबास ते परवडत नव्हते. ऑक्सफर्डच्या त्या शिपायाची कहाणी येथे घरोघरी घडत होती. औषधे देशातच व्हावीत, असा आग्रह धरणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे एके काळचे संचालक साहिबसिंग सोखी हे प्रमुख होते. जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञांचे साहाय्य दिले, संयुक्त राष्ट्रांच्या बालकनिधीने यंत्रसामग्री दिली, आणि १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ऑगस्ट १९५५ मध्ये तेथील टाक्यांतून पेनिसिलीन निघू लागले.

यंत्रे बाहेरून आली तरी विद्या बाहेरून आणून भागत नाही. म्हणून कारखान्यास जोडूनच संशोधनविभाग काढण्यात आला. तेथील एक अध्वर्यू म्हणजे मांडयम जीरसन्निधी तिरुमलाचार. ते मूळचे बुरशीशास्त्रज्ञ. पिकांवरील रोगांचा त्यांचा व्यासंग दांडगा. त्यांच्यापुढे जो प्रश्न आला तो मोठा चमत्कारिक होता. पेनिसिलीन जंतूंच्या अंगावरील भिंत बांधू देत नाही, म्हणून जंतू मरतात. बुरशीच्या पेशींना तशी भिंत नसते. त्यांची भिंत निराळ्या द्रव्याची. अर्थात पेनिसिलीन बुरशीचे काही बिघडवीत नाही. उलट अशा औषधांनी शरीरातील निरुपद्रवी जंतू मेले, की मोकळ्या झालेल्या जागेवर रोगकारक बुरशी माजते. लहान मुलांच्या तोंडात पांढरे चट्टे पडतात ते कित्येकदा अशाच बुरशीमुळे. एका बुरशीने दिलेल्या औषधामुळे दुसऱ्या बुरशीचे फावले!

तिच्यावर उतारा शोधावयाचा तो कोठे? मातीत. पहिल्या पावसाचा शिडकावा झाला म्हणजे जमिनीतून जो सुगंध दरवळतो, तो बव्हंशी स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या सूक्ष्म, तंतुमय जीवांचा असतो. आपापल्या अन्नाची राखण करताना हे जीव शेजाऱ्यांस मारक असे नाना प्रकारचे पदार्थ सोडतात. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन व आल्बर्ट शॅट्झ यांनी अशाच एका जीवापासून १९४३ साली मिळविले होते.

शोधाची रीत दिसावयास सोपी आहे. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवावयाची, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करावयाचे आणि त्याचा एक थेंब खळीसारख्या थिजलेल्या अन्नावर पसरावयाचा. काही दिवसांत ठिपके उगवतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका जीवाचे कुळ. मग एकेका ठिपक्याशेजारी रोगकारक बुरशी पेरून पाहावयाची. ती ज्याच्यापासून दूर राहील, तो ठिपका उपयोगाचा. बहुतेक ठिपके फुकट जातात, काही जुनेच औषध पुन्हा देतात, काहींचे विष माणसासही बाधते. हे काम करणाऱ्यास बुद्धीपेक्षा चिकाटीच अधिक लागते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पिंपरीच्या मातीतील अशा एका ठिपक्याने बुरशीस दूर लोटले. त्या जीवास स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव देण्यात आले, आणि त्याच्या पिवळ्या द्रव्यास हॅमायसिन. १९६१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पातळ आवरणात एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य असते; हॅमायसिन नेमके त्यास चिकटते, आवरणास छिद्रे पडतात व पेशीतील सत्त्व गळून जाते. ठिपका निवडला बुरशीशास्त्रज्ञाने. त्यातील द्रव्य रसायनज्ञांनी शुद्ध केले, वैद्यांनी त्याची रोग्यांवर परीक्षा केली, आणि ते टाकीत पिकविण्याचे काम त्याच अभियंत्यांकडे आले ज्यांनी पेनिसिलीनच्या टाक्या चालविल्या होत्या. तोंडातील व त्वचेवरील बुरशीच्या विकारांवर ते भारतात वापरात आले.

याच संशोधनविभागाने पुढे ऑरिओफंजिन हे आणखी एक द्रव्य मातीतील जीवापासूनच मिळविले. ते माणसांसाठी नव्हते. पिकांच्या रोगांचा तिरुमलाचार यांचा जुना व्यासंग येथे कामी आला. भातावर पडणारा करपा, लिंबू-संत्र्यांच्या झाडांचा डिंक्या रोग, द्राक्षवेलींवरील बुरशी यांच्याविरुद्ध ऑरिओफंजिन फवारून पाहण्यात आले. रोगकारक बुरशी भाताच्या पानात वाढो की बालकाच्या जिभेवर, तिच्या पेशीचे आवरण सारखेच.

पुढील काळात परदेशांतून अतिशय स्वस्त पेनिसिलीन येऊ लागले, तेव्हा भारतातील ते पिकविणारे कारखाने एकामागून एक थांबले. स्वस्ताई चांगली खरी. पण टाक्या चालविणारी माणसे पांगली, की त्यांचे कसब कागदावर उरत नाही. दुभत्या बुरशीचे वाण मात्र जतन करून ठेवता येतात. ओलावा काढून, काचेच्या नळीत बंद करून थंडाव्यात ठेवले, की ते वर्षानुवर्षे झोपी जातात. पुण्यातच, पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, उद्योगांस उपयोगी पडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असा राष्ट्रीय संग्रह आहे. नळी फोडून थोडे अन्न व पाणी दिले, की झोपलेला जीव काही दिवसांत पुन्हा वाढू लागतो.