पिकअप मागून एका बाजूला का झुकते?

जुनी बोलेरो पिकअप रिकामी असतानाही मागून कललेली दिसली, की अनेकजण आधी शॉकअप बदलतात. पैसे जातात, गाडी तशीच! शॉकअपचं काम हेलकावे आवरणं. वजन पेलतात ते पाटे.

गाडी सपाट जागी उभी करा, टायरांची हवा सारखी करा आणि दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सल ते चेसिस अंतर टेपने मोजा. फरक आला तर पाटे धुऊन बघा. चिखलाखाली तडा सहज लपतो, विशेषतः सेंटर बोल्टजवळ. हा बोल्टच तुटला असेल तर अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. तशी ती चालवूच नये. कधी पाटा ठीक असतो, पण गंजलेलं शॅकल अडकून एक बाजू वर राहते.

माल कायम एकाच बाजूला लादला, तर तिकडचा पाटा आधी बसतो. मग त्याच बाजूला जादा पाटा घालण्याचा जुगाड होतो. त्यापेक्षा दोन्हीकडचे पाटे एकत्र बदलावेत, यू-बोल्टही नवे घ्यावेत आणि थोडं अंतर चालवल्यावर ते पुन्हा आवळावेत.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली मात्र शिरू नका. चेसिसखाली भक्कम स्टँड हवाच.