हॉटेलातले गाणे, गीतकाराचा हक्क

आमच्या वस्तीत छोटे हॉटेल चालवणाऱ्या एका बंधूंना नोटीस आली. हॉटेलात गाणी वाजवता, परवान्याची फी भरा! ते कागद घेऊन आमच्याकडे आले. आम्ही पडलो कारकून, असले कागद आमच्याच दारी येतात.

"सीडी तर मी विकत घेतली, मग पुन्हा पैसे कसले?" हा त्यांचा सवाल. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे घरी ऐकणे वेगळे आणि गिऱ्हाइकांसाठी वाजवणे वेगळे. शिवाय शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क निरनिराळे. शब्द व चालीची फी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ सालची. ध्वनिमुद्रणाची परवानगी निराळी घ्यावी लागते. म्हणून नोटीस कोणाची, कोणत्या हक्काची, हे आधी लेखी विचारावे. नोंदणीकृत संस्थेने दरपत्रक प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, तेही मागावे. लग्नाच्या वरातीला व लग्नसमारंभाला मात्र कलम ५२ ने सूट दिलेली आहे.

तरीही ही फी म्हणजे निव्वळ लूट, असे आम्ही म्हणणार नाही. एकरकमी चार पैसे घेऊन गाणे देऊन टाकणारे गीतकार थोडे नव्हते. गाणे गावोगाव वाजले, घरची चूल मात्र तशीच. २०१२ च्या दुरुस्तीने कवी व संगीतकाराचा रॉयल्टीतील बरोबरीचा वाटा कायम केला. तो वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कोणालाही लिहून देता येत नाही.

हे ऐकून बंधू म्हणाले, "मग माझ्या फीतले गीतकाराच्या घरी किती जाणार?"

नोटिशीच्या उत्तरात आम्ही तोच प्रश्न लिहिला. उत्तराची वाट पाहत आहोत.