निवृत्तीनंतरचं लेथ

शनिशिंगणापुरात घरांना परंपरेने चौकट असते, दार नसतं. दाराचं काम नाही म्हणून लाकडाशी नातं तुटतं असं मात्र नाही. लाटणं, रवी, भोवरा, पाळण्याचे गोल दांडे ही सगळी कातीव कामं. ती करणारा तो कातारी.

सुतार रंधा चालवतो तेव्हा लाकूड स्थिर असतं. कातारीकडे उलटं: लेथवर लाकूड गरगर फिरतं आणि धारदार पटाशी टेकूवर स्थिर धरायची. ओल्या लाकडाच्या लांब फिती उडतात, सुक्याचा नुसता भुसा. सैल बाही अडकली तर खैर नाही. ओल्या ओंडक्याचा वाडगा कातून लगेच गुळगुळीत केला, तर सुकताना तो वेडावाकडा होतो, तडकतोही. म्हणून भिंती जाड ठेवून तो महिनोन्महिने वाळवतात आणि मग पुन्हा कातून पातळ करतात.

हा सबुरीचा उद्योग निवृत्तांना मानवतो, यात नवल ते काय? अमेरिकेत 1986 साली छांदिष्ट आणि व्यावसायिक कातारींची संघटना उभी राहिली, पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये. त्यांच्या स्थानिक मंडळांत पांढऱ्या केसांची गर्दी असते.

आपल्याकडे मात्र हा छंद कमी, पोटापाण्याचा धंदा जास्त. सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्धच. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला फिरत्या खेळण्यावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. मग केवड्याच्या जातीचं पान घासलं, की खेळणं चकाकतं.