चरबी किती, त्याहून ती कुठे
लेखमाला : यकृत आणि त्याचे आजार – लेखांक ५

अन्नातून आलेल्या साखरेचे आणि मेदाचे यकृत काय करते, याचा विचार मागील लेखांकात झाला. यकृत मेद तयार करते, काही प्रमाणात तो जाळते आणि उरलेला रक्तावाटे इतर अवयवांकडे पाठवते. मेद दीर्घकाळ साठवून ठेवणे हे मात्र त्याचे काम नव्हे. म्हणूनच निरोगी यकृतात मेदाचे प्रमाण अत्यल्प असते, आणि पाच टक्क्यांहून अधिक यकृतपेशींमध्ये मेदाचे थेंब दिसू लागले की वैद्यक त्या अवस्थेला ‘फॅटी लिव्हर’ म्हणजे मेदयुक्त यकृत म्हणते. हा आजार जाड माणसांचा आहे आणि सडपातळ माणसाला त्याची भीती नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि त्याच्या चुकीच्या अर्ध्या भागामुळे अनेक रुग्णांचे निदान वर्षानुवर्षे लांबते, त्यामुळे शरीरातील चरबी आणि यकृतातील चरबी यांचे नाते नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

चरबी साठवण्यासाठी शरीरात खास पेशी असतात आणि त्यांच्या समूहाला मेद-ऊती म्हणतात. या पेशींमध्ये मेद ट्रायग्लिसराइडच्या रूपात, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन रेणू जोडलेल्या स्वरूपात, साठवला जातो. जेवणानंतर रक्तात वाढणारे इन्सुलिन हा साठा पेशीत बंद ठेवते. उपवासाच्या काळात इन्सुलिन उतरले की ट्रायग्लिसराइडचे विघटन होऊन मेदाम्ले रक्तात येतात आणि स्नायू, हृदय व यकृत त्यांचा इंधन म्हणून वापर करतात. मेद-ऊती केवळ साठवण करत नाही. लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन यांसारखी संप्रेरके स्रवून ती भूक आणि चयापचय यांवरही नियंत्रण ठेवते. सुस्थितीतील मेद-ऊती ही धान्याच्या कोरड्या, घट्ट विणलेल्या कणगीसारखी असते : जोवर तिच्यात जागा आहे आणि ती फाटलेली नाही, तोवर धान्य घरभर सांडत नाही.

ही साठवण शरीरात सर्वत्र सारखी नसते. मांड्या, नितंब आणि दंड यांच्या त्वचेखाली साठणारी चरबी एका प्रकारची, तर पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती साठणारी चरबी दुसऱ्या प्रकारची. फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य झाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच असे मांडले होते, की मधुमेहासारख्या आजारांचा संबंध चरबीच्या एकूण वजनापेक्षा ती शरीराच्या वरच्या भागात साठते की खालच्या, याच्याशी अधिक आहे. पोटातील चरबीच्या बऱ्याच भागाचे रक्त ‘पोर्टल’ नावाच्या शिरेतून थेट यकृतात जाते, त्यामुळे त्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले आणि दाह वाढवणारी द्रव्ये सर्वप्रथम यकृताच्याच वाट्याला येतात. असे असले तरी यकृतात पोहोचणाऱ्या मेदाम्लांचा मोठा भाग त्वचेखालील चरबीतूनच येतो, कारण तिचे एकूण प्रमाण अधिक असते. म्हणून पोटाचा वाढलेला घेर हे स्वतंत्र कारण असण्याबरोबरच त्वचेखालची साठवण अपुरी पडत असल्याचे चिन्हही मानले जाते.

यकृतातील मेद नेमका कोठून येतो, याचा माग अमेरिकेतील संशोधकांनी समस्थानिकांच्या साहाय्याने, म्हणजे रेणूंवर ओळखीची खूण करून, घेतला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील मेदयुक्त यकृताच्या रुग्णांमध्ये यकृतातील सुमारे ५९ टक्के मेद रक्तातील मेदाम्लांपासून, म्हणजे मुख्यतः शरीरातील साठ्यातून, आला होता. सुमारे २६ टक्के मेद यकृताने साखर व इतर पदार्थांपासून स्वतः तयार केला होता, आणि आहारातील तेला-तुपातून थेट आलेला वाटा सुमारे १५ टक्केच होता. याचा अर्थ असा, की जेवणातील तूप बंद करून गोड पेये, मिठाई आणि मैद्याचे पदार्थ चालू ठेवणाऱ्या व्यक्तीने रोगाच्या मुख्य वाटा मोकळ्याच ठेवलेल्या असतात. या वाटा रुंद करणारी अवस्था म्हणजे इन्सुलिन-रोध. तीत मेदपेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे साठा अवेळी सुटत राहतो. दुसरीकडे रक्तात वाढलेले इन्सुलिन यकृताला नवा मेद बनवण्यास उद्युक्त करते, आणि यकृतावर दोन्ही बाजूंनी भार पडतो.

चरबीच्या प्रमाणापेक्षा तिची जागा महत्त्वाची, या विधानाला सर्वांत भक्कम आधार काही दुर्मीळ आणि वरकरणी उलट्या वाटणाऱ्या उदाहरणांतून मिळतो. लिपोडिस्ट्रॉफी या आजारात त्वचेखाली चरबी जवळजवळ नसतेच. रुग्ण कृश, स्नायू उठून दिसणारा असतो, आणि तरीही त्याला तीव्र मधुमेह व गंभीर स्वरूपाचा फॅटी लिव्हर होतो, कारण साठवणीची हक्काची जागाच नसल्याने मेद यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो. याच्या विरुद्ध टोकाला पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरील औषध आहे : ते घेणाऱ्यांचे वजन बहुधा वाढते, पण त्वचेखालील मेदपेशींची साठवणक्षमता सुधारल्याने यकृतातील चरबी मात्र घटते. तिसरे उदाहरण शस्त्रक्रियेचे आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालची चरबी लायपोसक्शनने मोठ्या प्रमाणावर काढण्यात आली. वजन उतरले, परंतु यकृत, स्नायू आणि मेद-ऊती यांच्याकडून इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात सुधारणा झाली नाही. तिन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात : चरबी योग्य जागी मावते तोवर ती बरीचशी निरुपद्रवी असते, आणि मावेनाशी झाली की थोडीही घातक ठरते. ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीची वेगळी असते आणि ती आनुवंशिकता, वय, लिंग व गर्भावस्थेतील पोषण यांवर ठरते.

भारतीयांच्या बाबतीत ही मर्यादा बऱ्याचदा लवकर गाठली जाते, आणि या विषयातील पायाभूत काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक, २२.३ इतकाच होता. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी सुमारे २१ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात सुमारे ९ टक्के होती. पुण्याजवळील खेड्यांत झालेल्या अभ्यासातही तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच हलकी आणि स्नायूंनी कमी असूनही त्यांची चरबी त्या मानाने टिकून असल्याचे दिसले. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील २०१० च्या अभ्यासात फॅटी लिव्हर आढळलेल्या व्यक्तींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींचा बीएमआय २५ पेक्षा कमी होता. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० तर स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरली जाते.

यकृतात मेद साठला की प्रत्येकाचे यकृत निकामी होते असे नाही. काही रुग्णांत मात्र मेदाबरोबर दाह सुरू होतो. मद्य न घेणाऱ्यांतील या अवस्थेचे वर्णन आणि नामकरण अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये केले. दाह टिकून राहिला तर यकृतात तंतू निर्माण होतात, आणि या तंतुमयतेची अखेरची पायरी म्हणजे सिरोसिस. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आजाराच्या नावातच चयापचयातील बिघाडाचा उल्लेख आणला, तर भारत सरकारने २०२१ मध्येच मधुमेह, कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला. त्यामागील तर्क उघड आहे : या रुग्णांचे मृत्यू यकृताच्या विकारापेक्षा हृदयविकाराने अधिक होतात.

सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ अशी नोंद आली की ती दुर्लक्षून चालत नाही आणि घाबरून जाण्याचेही कारण नसते. ही श्रेणी मेदाचे प्रमाण सांगते, तंतुमयता सांगत नाही. तंतुमयतेचा अंदाज वय, एसजीओटी व एसजीपीटी या रक्तचाचण्या आणि प्लेटलेट यांवरून काढल्या जाणाऱ्या ‘फिब-४’ या अंकाने आणि गरज पडल्यास फायब्रोस्कॅनने घेतला जातो. एसजीपीटी मर्यादेत असतानाही आजार असू शकतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. उपायांमध्ये वजन घटवण्याचे स्थान पहिले आहे : सुमारे ५ टक्के वजन उतरले की यकृतातील मेद घटू लागतो, ७ ते १० टक्के उतरले की दाह ओसरतो, आणि १० टक्के किंवा अधिक उतरले तर बऱ्याच रुग्णांत तंतुमयताही मागे हटते. सडपातळ रुग्णांना याहून कमी घटही लाभदायक ठरते. नियमित व्यायामाने वजन फारसे न उतरताही यकृतातील मेद कमी होतो, कारण स्नायू मेदाम्ले वापरू लागतात आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. कडक उपासमारीने झपाट्याने वजन घटवणे मात्र टाळावे, कारण साठ्यातून एकाएकी सुटलेली मेदाम्ले यकृताचा दाह वाढवू शकतात.

यकृताचे भवितव्य वजनकाट्यावरील एका आकड्याने ठरत नाही, ही या लेखांकाची मुख्य मांडणी आहे. बरगडीची खालची कड आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, फितीने मोजलेला घेर बीएमआय न दाखवणारा धोका दाखवू शकतो. ही तपासणी घरच्या घरी, विनाखर्च होते, आणि किरकोळ देहयष्टीच्या पण पोट सुटलेल्या माणसाने तर ती अवश्य करावी. यकृत स्वतः मेद का बनवते आणि त्यात साखरेचा, विशेषतः फ्रुक्टोजचा, वाटा काय, याचे विवेचन पुढील लेखांकात येईल.