खिशातली शेती

पोस्टाची तिकिटं, काड्यापेट्यांचे छाप, जुनी नाणी जमवणारे तुमच्यात पुष्कळ असतील. पण कुणी जुने चाकू जमवतं, हे ऐकलंय का? साधे चाकू नव्हेत हं! एकाच मुठीत दोन-तीन पाती मिटून बसणारे, शेतकऱ्याच्या खिशातले चाकू.

आपला नरखेड तालुका संत्र्यांचा. तेव्हा संत्र्याची कलमं करायचा चाकूच बघू या. त्याचं एक पातं वस्तऱ्यासारखं धारदार, तर दुसरं चक्क बोथट! जुन्या चाकूंत ही बोथट पट्टी हाडाची किंवा पितळेची असे.

आता ही कशाला? जंबेरीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं, की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर देतात. बोथट पट्टीनं साल अलगद उचलतात. संत्र्याच्या फांदीवरून काढलेला ‘डोळा’ आत सरकवतात आणि वरून पट्टी बांधतात. साल उचलायला धारेचं पातं घातलं, तर आतला कोवळा थर फाटतो. मग डोळा कसा जगणार? तीन-चार आठवड्यांनी बांधलेली पट्टी सोडून पाहतात. डोळा हिरवा असला, की कलम जमलं! मुळं जंबेरीची, फळं संत्र्याची.

चाकू स्वच्छही हवा बरं का. लिंबूवर्गातले काही रोग पात्याला लागलेल्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून पातं जंतुनाशकात बुडवून पुसून घ्यावं लागतं.

अमेरिकेतले गुरं पाळणारे तीन पात्यांचा चाकू बाळगत. त्यातल्या एका पात्याची धार सरळ आणि टोक बोथट, म्हणजे जनावर हिसडलं तरी त्याला टोचू नये. पात्याचा आकार पाहिला, की काम कळतं ते असं!

पण मूठ सैल झाली, पातं झिजलं, की असा चाकू भंगारात जातो. तो कसा वापरायचा, हे ठाऊक असणारी माणसंही थकत चालली आहेत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. १९७५ साली त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. आज तो ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ म्हणून लोक बघायला जातात.

तुमच्या घरी असा चाकू असेल, तर आजोबांना किंवा बाबांनाच उघडायला सांगा. तुम्ही उघडू नका, शाळेतही आणू नका. गंज पॉलिश कागदानं घासू नका, त्यानं पात्यावरचा कारखान्याचा छाप पुसला जातो. मोठ्यांकडून तेलाचा हात फिरवून घ्या.

मग एका पुठ्ठ्यावर लिहा: चाकू कुणाचा, कधी घेतला, कोणतं पातं कशासाठी. झिजलेलं पातं फेकू नका. ते का झिजलं, एवढं विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. नुसता चाकू म्हणजे लोखंड. त्यामागची माहिती जोडली, तरच तो संग्रह!