ओझं उतरवण्याचं वर्ष

रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात ओवरीतून आत जायला पाच दारं आहेत. त्यांतलं अगदी उजव्या हाताचं दार वर्षानुवर्षं बंद असतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला विटांची भिंत बांधलेली असते. पवित्र वर्ष जवळ आलं की काही आठवडे आधी पाहणीचा विधी होतो. बॅसिलिकाचे प्रमुख कार्डिनल प्रार्थना म्हणतात आणि तिथली देखभाल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे कारागीर, ज्यांना रोममध्ये 'सांपिएत्रिनी' म्हणतात, भिंतीला भोक पाडून आतली धातूची पेटी बाहेर काढतात. पेटीत दाराची किल्ली असते, मुठी असतात, मागच्या वेळी दार बंद केल्याचा लेखी दस्तऐवज असतो आणि पोपच्या कारकिर्दीतली पदकं असतात. २ डिसेंबर २०२४ रोजी ही पेटी निघाली. मग भिंत पाडली गेली आणि नाताळच्या आदल्या रात्री पोप फ्रान्सिस व्हीलचेअरवरून दारापाशी आले. त्यांनी दारावर थाप मारली, दार उघडलं आणि २०२५चं पवित्र वर्ष सुरू झालं.

कॅथलिक परंपरेत पवित्र वर्ष, म्हणजे ज्युबिली, साधारणपणे दर पंचवीस वर्षांनी येतं. सेंट पीटर्स, सेंट जॉन लॅटरन, सेंट मेरी मेजर आणि गावकुसाबाहेरचं सेंट पॉल या रोममधल्या चार बॅसिलिकांची पवित्र दारं तेव्हा उघडतात. भाविक यात्रा करून येतो, पापनिवेदन करतो, मिस्सा ऐकून ख्रिस्तशरीर स्वीकारतो, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना करतो आणि त्याला पूर्ण दंडमाफी मिळते. ही दंडमाफी नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा इतिहास तिच्याभोवती फिरला आहे. चर्चची शिकवण अशी की पापनिवेदनाने पापाची क्षमा होते, पण पापाने मागे ठेवलेली हानी, त्याची भरपाई, शिल्लक राहते. ती भरपाई याच जन्मी किंवा मृत्यूनंतर शुद्धिस्थानात व्हावी लागते. दंडमाफी हे उरलेलं ओझं उतरवते. ती स्वतःसाठी घेता येते किंवा गेलेल्या माणसाच्या नावाने अर्पण करता येते.

ज्युबिलीच्या कल्पनेचं मूळ ज्यू धर्मशास्त्रात आहे. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात नियम दिला आहे: सात वेळा सात वर्षं मोजावीत, आणि पन्नासाव्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग फुंकून देशभर सुटकेची घोषणा करावी. त्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. हलाखीत विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. कर्जापायी स्वतःला विकलेला माणूस मोकळा होऊन घरी जायचा. जमीन देवाची आहे, माणूस तिच्यावर पाहुणा आहे, त्यामुळे कुणाचंही दैन्य कायमचं होऊ नये, हा त्यामागचा विचार. म्हणजे ज्युबिली मुळात जमीन, कर्ज आणि गुलामगिरी यांबद्दल होती. चर्चने ती आत्म्याकडे वळवली. पवित्र वर्षांच्या सातशे वर्षांच्या प्रवासात हा मूळ अर्थ कधी पार झाकला गेला, कधी पुन्हा वर आला, आणि माझ्या मते प्रत्येक पवित्र वर्षाचं मोल त्यावरूनच ठरतं.

पहिलं पवित्र वर्ष १३००चं, आणि ते लोकांनी सुरू केलं. नव्या शतकाच्या पहिल्या दिवसांत सेंट पीटर्सला मोठी माफी मिळते अशी बातमी रोमभर पसरली आणि गर्दी लोटली. पोप आठवे बोनिफेस यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळायला लावली, पण असा आदेश सापडला नाही. त्या काळचे कार्डिनल स्टेफानेस्की यांनी एका १०७ वर्षांच्या म्हाताऱ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. आपला बाप शंभर वर्षांपूर्वी अशाच माफीसाठी रोमला आला होता आणि पुढच्या शतकाला जिवंत असलास तर जा, असं सांगून गेला होता, असं त्याने पोपला सांगितलं. अखेर २२ फेब्रुवारी १३०० रोजी बोनिफेस यांनी फर्मान काढलं: पश्चात्ताप आणि पापनिवेदन करून सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या बॅसिलिकांना रोमकरांनी तीस दिवस आणि बाहेरच्यांनी पंधरा दिवस भेट द्यावी, त्यांना पूर्ण माफी मिळेल. दर शंभर वर्षांनी असंच व्हावं.

त्या वर्षीच्या गर्दीमुळे सेंट पीटर्सकडे नेणाऱ्या सांत'आंजेलो पुलावर जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची अशा दोन वेगळ्या रांगा लावाव्या लागल्या. दान्तेने आपल्या महाकाव्यातल्या नरकाच्या वर्णनात या व्यवस्थेचा दाखला दिला आहे. सेंट पॉलच्या वेदीपुढे दोन धर्मसेवक हातात दाताळी घेऊन रात्रंदिवस नाणी ओढत उभे होते, असं आस्ती गावच्या एका बखरकाराने नोंदवलं आहे. ती बहुतेक गरिबांची सुटी नाणी होती. त्याच बोनिफेस यांनी सिसिलीचा राजा फ्रेडरिक आणि आपले वैरी कोलोन्ना घराणं यांना मात्र माफीतून वगळलं. सगळ्यांच्या माफीचं वर्ष जाहीर होताच त्यात राजकारण आणि पैसा शिरला.

शंभर वर्षं हा काळ माणसाच्या आयुष्याला फार मोठा. म्हणून सहाव्या क्लेमेंट यांनी तो पन्नासवर आणला आणि १३५०चं पवित्र वर्ष साजरं झालं. प्लेगच्या काळ्या साथीने युरोप उद्ध्वस्त झाला होता आणि पोप स्वतः फ्रान्समध्ये आविन्यों इथे होते, तरी लोक रोमला आले. पुढे ख्रिस्ताच्या आयुष्याइतकी तेहतीस वर्षं हे अंतर सुचवलं गेलं. शेवटी १४७० मध्ये दुसरे पॉल यांनी पंचवीस वर्षं ठरवली आणि तीच चालत आली, कारण आता एका पिढीला आयुष्यात एकदा तरी संधी मिळू लागली.

गर्दीची किंमतही मोजावी लागली. १९ डिसेंबर १४५० रोजी सांत'आंजेलो पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि दीड-दोनशे यात्रेकरू मेले. पाचवे निकोलस यांनी पुलाच्या तोंडाशी मृतांसाठी दोन लहान प्रार्थनालयं बांधली. त्यानंतर १४७५च्या पवित्र वर्षासाठी चौथे सिक्स्टस यांनी टायबर नदीवर दुसरा पूल बांधला. 'पोन्ते सिस्तो' या नावाने तो आजही वापरात आहे. सेंट पीटर्समध्ये पवित्र दार उघडण्याचा ठरावीक विधी सहावे अलेक्झांडर यांच्या काळात, १४९९च्या नाताळच्या आदल्या दिवशी सुरू झाला.

त्याच सुमारास सर्वांत मोठी घसरण झाली. पवित्र वर्षाबाहेरही दंडमाफी पैशाच्या बदल्यात मिळू लागली. नव्या सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी जर्मनीत तिची उघड विक्री झाली आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी ९५ प्रबंध मांडून तिच्यावर घाव घातला. पश्चिमेचा ख्रिस्ती समाज दुभंगला. ल्यूथर यांच्या या तक्रारीत तथ्य होतं. चर्चलाही ते शेवटी मान्य करावं लागलं, आणि १५६७ मध्ये पाचवे पायस यांनी पैशाशी बांधलेल्या सगळ्या दंडमाफ्या रद्द केल्या.

त्या पडझडीतून पवित्र वर्षाला सावरलं ते पुढे संत ठरलेल्या फिलिप नेरी यांच्यासारख्या माणसांनी. १५४८ मध्ये रोममध्ये त्यांनी एक सेवासंघ उभा केला. १५५०च्या पवित्र वर्षात या संघाने रोममध्ये येणाऱ्या गरीब यात्रेकरूंना जेवण दिलं, झोपायला जागा दिली, चालून सुजलेले त्यांचे पाय धुतले. पुढच्या पवित्र वर्षांत सरदार आणि कार्डिनलही तिथे वाढपी म्हणून उभे राहू लागले. १५७५ मध्ये हा संघ पुन्हा राबत होता. त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण रोममध्येच जेजुइट संघात दाखल झाला. चार वर्षांनी तो गोव्याला आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलं. १६१६ मध्ये राचोल इथे ते छापलं गेलं. मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा आद्यकवी घडला तो यात्रेकरूंनी भरलेल्या त्या रोममध्ये.

पण १६००चं पवित्र वर्ष चालू असतानाच, १७ फेब्रुवारीला, कांपो दे फियोरी या चौकात तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनो यांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आलं. माफीच्या वर्षात ही चिता पेटली. श्रद्धावंताने हे विसरता कामा नये.

पुढे राजकीय वादळांत पवित्र वर्षं हुकली. सहावे पायस १७९९ मध्ये फ्रेंचांच्या कैदेत वारले, त्यामुळे १८०० मध्ये दार उघडलं नाही. १८५० उजाडलं तेव्हा नववे पायस रोमबाहेर परागंदा होते. १८७५ मध्ये पवित्र वर्ष जाहीर झालं, पण १८७० मध्ये रोम इटलीच्या राज्यात गेल्याने दारं बंदच राहिली. १९०० पासून घडी पुन्हा बसली. सेंट पीटर्सचं आजचं ब्राँझचं दार शिल्पकार विको कोन्सोर्ती यांनी केलेलं असून १९४९च्या नाताळला ते पहिल्यांदा उघडलं. त्यावर सोळा चौकटी आहेत. त्यांत उधळ्या पुत्राला मिठी मारणारा बाप आहे आणि येशूला नाकारणारा पीटरही आहे. दारातून जाणारा माणूस चुकलेल्यांच्या ओळीतून आत जातो. पूर्वी पोप चांदीच्या हातोडीने भिंतीवर तीन ठोके मारत आणि भिंत तिथेच खाली येई. १९७४च्या नाताळला पडणाऱ्या भिंतीचे तुकडे सहावे पॉल यांच्याजवळ कोसळले. तेव्हापासून रीत बदलली आणि आता भिंत आधीच पाडून ठेवतात.

लेवीयाचा मूळ अर्थ ठळकपणे परत आणला दुसरे जॉन पॉल यांनी. २००० सालच्या महाज्युबिलीच्या तयारीसाठी १९९४ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी गरीब देशांच्या डोक्यावरचं आंतरराष्ट्रीय कर्ज कमी किंवा माफ करण्याचा विषय काढला. 'ज्युबिली २०००' या नावाने जगभर चळवळ उभी राहिली आणि १९९९ मध्ये कोलोनच्या परिषदेत श्रीमंत राष्ट्रांनी कर्जमाफी वाढवायचं मान्य केलं. १२ मार्च २००० रोजी जॉन पॉल यांनी चर्चच्या लेकरांच्या हातून घडलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्यात सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीचा आणि ज्यू लोकांवर झालेल्या अन्यायाचा उल्लेख होता. ज्या पीठाने शतकानुशतकं माफी दिली, त्याने स्वतः माफी मागितली.

फ्रान्सिस यांनी पुढचं पाऊल टाकलं. दयेच्या विशेष वर्षाचं पहिलं दार त्यांनी २९ नोव्हेंबर २०१५ रोजी यादवीने पोळलेल्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, बांगी शहरात उघडलं. त्या वर्षी जगातल्या प्रत्येक धर्मप्रांतात पवित्र दार असावं असंही त्यांनी ठरवलं. त्याच वर्षात, ४ सप्टेंबर २०१६ रोजी, मदर तेरेसा संत म्हणून घोषित झाल्या. २०२५च्या वर्षासाठी काढलेल्या फर्मानात फ्रान्सिस यांनी श्रीमंत राष्ट्रांकडे कर्जमाफी मागितली, कैद्यांसाठी सवलती मागितल्या, फाशीची शिक्षा रद्द करायला सांगितलं आणि शस्त्रांवर होणाऱ्या खर्चातून भूक संपवण्यासाठी जागतिक निधी उभारा असं सुचवलं. सेंट पीटर्सनंतर दोनच दिवसांनी त्यांनी दुसरं पवित्र दार उघडलं ते रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात. २९ डिसेंबर २०२४ रोजी जगभरच्या धर्मप्रांतांत ज्युबिलीचा आरंभ झाला. जुन्या गोव्यात तेव्हा सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचं दशवार्षिक दर्शन चालू होतं.

२१ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सिस वारले. सेंट मेरी मेजर या बॅसिलिकात त्यांची कबर आहे, त्यामुळे तिथल्या पवित्र दारातून येणारे यात्रेकरू त्यांच्या दर्शनालाही थांबू लागले. ६ जानेवारी २०२६ रोजी पोप चौदावे लिओ यांनी सेंट पीटर्सचं दार बंद केलं. एका पोपच्या काळात दार उघडावं आणि दुसऱ्याच्या काळात मिटावं, असं याआधी १७०० मध्ये घडलं होतं. तीन कोटींहून अधिक यात्रेकरू या वर्षात आले. लाकडी क्रूस हाती घेऊन, प्रार्थना म्हणत, बॅसिलिकाकडे जाणाऱ्या रुंद रस्त्याने त्यांचे गट रोज चालत होते.

ज्यांना रोम गाठणं शक्य नव्हतं त्यांनाही दार बंद नव्हतं. आजारी, वृद्ध, कैदी यांची भेट घेणं हीच यात्रा मानली जाईल, असं चर्चने २०२५ साठी स्पष्ट लिहिलं होतं. आठवड्यातून एक दिवस मोबाइलवरच्या निरर्थक करमणुकीपासून दूर राहणं हेही प्रायश्चित्तात मोजलं गेलं. मला ही तरतूद सगळ्या सोहळ्याहून मोलाची वाटते, कारण वसईतली अंथरुणाला खिळलेली आजी आणि तिच्याजवळ येऊन बसणारी शेजारीण, दोघींनाही ती रोमच्या यात्रेकरूच्या बरोबरीने उभं करते.

पुढचं नेहमीचं पवित्र वर्ष २०५० मध्ये येईल. त्याआधी २०३३ मध्ये, परंपरेनुसार, ख्रिस्ताच्या मृत्यूला आणि पुनरुत्थानाला दोन हजार वर्षं पूर्ण होतील. तेव्हाही यात्रेकरूंचे आकडे छापून येतील. ते वाचावेत, पण त्या वर्षाची परीक्षा करताना लेवीयाचे प्रश्न विचारावेत: कुणाचं कर्ज फिटलं, कुणाची जमीन परत मिळाली, कोण सुटून घरी गेलं. आणि ख्रिस्ती असो वा नसो, वाचकाने आपल्याकडे कुणाचं देणं, कुणाचा राग, कुणाची माफी अडकून पडली आहे हे पाहावं. ते सोडायला २०३३ची वाट पाहण्याची गरज नाही.