मूल ‘बघून शिकणारं’ की ‘ऐकून शिकणारं’?

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी साऱ्या सातपुड्यात नावाजलेली. ढोलाचा ठेका आणि नाचाची पावलं मुलं मोठ्यांच्या सोबतीनेच उचलतात. डोळे, कान, पाय एकदमच कामाला लागतात. गृहपाठाला बसवताना मात्र अनेक पालक आधी मुलाचा प्रकार ठरवतात: हा बघून शिकतो, ती ऐकून शिकते.

या वाटणीला आधार नाही. हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या ‘प्रकारा’प्रमाणे शिकवलं तर त्याला जास्त येतं, याचा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, पण पद्धत ठरते ती विषयावरून. नकाशा बघावाच लागतो, कवितेची लय ऐकावीच लागते.

मुलामुलांत खरा फरक पडतो तो आधी काय येतं याने, आणि घरच्या भाषेने. काठीच्या परिसरात घराघरांत भिली बोली आणि पाठ्यपुस्तक मराठीत. अशा वेळी ‘घरीही मराठीच बोला’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो चुकीचा आहे. युनेस्कोने १९५३ मध्येच मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. म्हणून उदाहरण आधी मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्यावं. नेमकं अडलंय कुठे, गणितात की मराठी शब्दात, हे तिथेच कळतं.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज वेगळाच आहे: ‘आम्ही शिकलो नाही, आम्ही काय मदत करणार?’ ऊसतोडीसाठी आईवडील गुजरातेत गेले की कित्येक घरांत मुलांजवळ आजीच असते. तिला अक्षरओळख नसली तरी ‘पुस्तक मिटव आणि काय वाचलंस ते मला सांग’ एवढं ती नक्की म्हणू शकते. याचं बळ मोजलेलं आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. बिहार आणि राजस्थानात मातांना मुलांसोबत घरी करायचे उपक्रम दिले, तेव्हा मुलांचं गणित थोडं सुधारल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

‘बाजारातला हिशेब जमतो, म्हणजे वहीतलं गणितही येईल’ हेही आपोआप घडत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तपासली. ‘नेचर’मध्ये २०२५ साली त्याचे निष्कर्ष आले. गुंतागुंतीचा व्यवहार तोंडी सोडवणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणिताला अडखळली. शाळेत शिकणाऱ्या मुलांचं नेमकं उलट झालं. मोलगीच्या बाजारात आमचूर विकताना मुलाने तोंडी केलेला हिशेब त्याच संध्याकाळी त्याच्याकडून वहीत मांडून घेतला, तर या दोन्ही गणितांची गाठ पडू शकते.